खांबेटे मास्तरांचा समजुतीचा पेपर

हरि रामचंद्र खांबेटे मास्तरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या आवाजामुळे झाली. सिन्नरहून मी नाशकात शिकायला आलो, इंग्रजी चौथीत बसलो, आणि पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी मला धडा वाचायला उभे केले. त्या काळी इंग्रजी धडा मोठ्याने वाचण्याला आमच्या हायस्कुलात फार मान होता. मास्तर स्वतः अप्रतिम वाचीत. त्यांचे वाचन सुरू झाले की शेजारच्या वर्गातील मास्तर खडू हातात धरून तसेच उभे राहत, अशी त्यांची ख्याती होती. मी वाचू लागलो. पूर्णविरामाशी थांबलो, स्वल्पविरामाशी त्याच्या निम्मे थांबलो, प्रश्नचिन्हाशी आवाज वर नेला. वाचून झाल्यावर मास्तर खुर्चीवरून उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वर्गाला म्हणाले, “इन्स्पेक्टरसाहेब येतील तेव्हा हा वाचील.”

त्या धड्यात काय लिहिले होते ते मला ठाऊक नव्हते. मास्तरांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही. इन्स्पेक्टरसाहेब आले, मी वाचले, साहेब खूश झाले, शाळेच्या शेरेबुकात इंग्रजीविषयी चार चांगली वाक्ये आली. धड्यात काय होते ते तेव्हाही मला ठाऊक नव्हते.

मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या कार्याविषयी लिहावे, असे ठरले आहे. माझ्याकडे त्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेचा विषय आला. या परीक्षेला नाशकातील पालक ‘खांबेट्यांचा मराठी पेपर’ म्हणून हिणवीत. मास्तर स्वतः तिला ‘समजुतीचा पेपर’ म्हणतात. मी एका साप्ताहिकाचा संपादक आहे आणि ठरल्या वारी मजकूर देणे हा माझा रोजचा धंदा आहे. तरीही हा लेख मी दोनदा लिहून फाडला. गौरवाचा मजकूर लिहिताना मान वर असावी लागते. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या गौरवसमितीच्या हातून जे घडले, त्यानंतर ती वर करणे आम्हां कोणालाच सोपे राहिलेले नाही. ते वगळून लिहिले असते तर लेख चांगला दिसला असता. परंतु मास्तर तो वाचणार आहेत, आणि ते काय वगळले आहे तेच आधी पाहतात.

प्रथम हा पेपर कसा निघाला ते सांगतो. माझ्या पुढच्या वर्गात पेठकडचा काशिनाथ नावाचा विद्यार्थी होता. तोही उत्तम वाचणारा. मास्तरांनी त्याला इंग्रजीत पहिला नंबर दिला होता. सुट्टीत तो घरी गेला असता त्याच्या वडिलांचे गुडघे धरले होते, आणि कोणीतरी दवाखान्यातून औषधाची बाटली आणून ठेवली होती. बाटलीवर इंग्रजीत चिठ्ठी होती. वडिलांनी मोठ्या हौसेने काशिनाथला ती वाचायला लावली. शेजारपाजारचे लोक ऐकायला जमले. काशिनाथने ती खणखणीत वाचली, लोकांनी पुन्हा म्हटल्यावर पुन्हा वाचली. मग वडील ते औषध प्याले. ते चोळण्याचे औषध होते आणि फक्त बाहेरून लावावे, एवढेच त्या चिठ्ठीत लिहिलेले होते.

वडिलांचा जीव वाचला, पण घसा भाजला तो कायमचा. बातमी नाशकात आली त्या दिवशी मास्तर शाळेतून परस्पर निघाले. मिळेल तेथवर गाडीने आणि पुढे घाट पायी चढून ते पेठला गेले. पुढे मी विचारल्यावरून तेथली हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. काशिनाथ घरात कोपऱ्यात बसून होता आणि कोणाशी बोलत नव्हता. वडील मात्र पाहुणा मास्तर घरी आला म्हणून उठून बसले, आणि फाटक्या आवाजात मास्तरांची समजूत घालू लागले.

“पोराचा काय दोष नाय, मास्तर. लय ग्वाड वाचलं त्यानं. मी चित्त देऊन ऐकलं.”

मास्तर काशिनाथला घेऊनच परतले. पुढे मॅट्रिक होईपर्यंत तो पंचवटीत त्यांच्याच घरी राहिला, त्यांच्याच पंगतीला जेवला, आणि आज जंगल खात्यात नोकरीला आहे. मास्तरांच्या दयाळूपणाची उदाहरणे या ग्रंथात इतरांनी पुष्कळ दिली असतील. काशिनाथविषयी कोणी दया हा शब्द काढला तर मास्तरांना राग येतो, म्हणून मी तो वापरीत नाही.

पेठहून आल्यावर पहिल्या तासाला त्यांनी मलाच उभे केले. मी वाचले. त्यांनी पुस्तक मिटायला सांगितले आणि मराठीत विचारले, “यात काय झालं?”

मला जे येत होते तेच मी केले. धड्याचे पहिले वाक्य पुन्हा, आणखी चांगल्या आवाजात, म्हणून दाखवले. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी एकेकाला उभे करून तेच विचारले, आणि सगळा वर्ग उभा झाल्यावर आम्हांला बसा म्हणून सांगायचे विसरून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

त्यानंतरची काही वर्षे मास्तरांनी या एकाच गोष्टीच्या मागे घालवली. मुलाला इंग्रजी उतारा समजला आहे हे ओळखायचे कसे? वाचून दाखवण्यात ते कळत नाही, हे पेठला कळले होते. गाईडातील अर्थ पाठ म्हणवून घेण्यात कळत नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. उताऱ्याखाली प्रश्न घालून इंग्रजीत उत्तरे लिहवून घ्यावीत, असे इतर शिक्षकांचे म्हणणे होते. मास्तरांनी त्यांना एक गंमत करून दाखवली. शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर त्यांनी एक इंग्रजी उतारा लिहिला, त्यातील निम्मे शब्द त्यांच्या मनाचे होते. जगातील कोणत्याही भाषेत नसलेले. मराठीत सांगायचे तर तो असा होता: टिंबूने लोफड्याला मर्क केले. लोफडा फार चुगळा होता, म्हणून तो झपाटून डोळला. त्याखाली प्रश्न होते. लोफड्याला कोणी मर्क केले? लोफडा कसा होता? तो झपाटून का डोळला? आमच्या वर्गातील मुले बोलावून आणली. आम्ही सर्वांनी सर्व उत्तरे बिनचूक लिहिली. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उचलून उत्तराच्या जागी ठेवायचे, ही विद्या आम्हांला इतकी येत होती की उताऱ्याला अर्थ नाही हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. मास्तरांनी आम्हांला पैकीच्या पैकी गुण दिले आणि आपल्या सहकाऱ्यांना विचारले, “मर्क करणं म्हणजे काय हो?” एक वयस्क शिक्षक म्हणाले, “ते पोरांना विचारा, त्यांना गुण मिळालेत.”

या खटपटीतून पेपर तयार झाला. त्याची पद्धत साधी आहे. मुलाने कधी न पाहिलेला इंग्रजी उतारा द्यायचा. तो मनात वाचायचा. प्रश्न मराठीत, उत्तरेही मराठीत. ज्या भाषेत मूल घरी भांडते त्या भाषेत त्याला विचारले तरच त्याला काय कळले ते कळेल, असे मास्तर म्हणत. प्रश्न असे, की उत्तर कोणत्याही एका वाक्यात सापडू नये. दोनतीन ठिकाणचे जुळवून काढावे लागावे. आणि पहिला प्रश्न दर वर्षी एकच: या उताऱ्यात तुला काय समजले नाही ते नेमके लिही. या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण असत. ‘सर्व समजले’ असे लिहिणाऱ्याला आणि ‘काहीच समजले नाही’ असे लिहिणाऱ्याला सारखेच, म्हणजे शून्य. अमक्या ओळीत तो माणूस परत का आला ते समजले नाही, असे बोट ठेवून लिहिणाऱ्याला पूर्ण.

लोकांना हे पटले नाही. मेनरोडवरचे एक कापडदुकानदार शाळेत येऊन मास्तरांना म्हणाले, की इंग्रजीच्या तासाला मराठीच लिहायची तर पोरगा दुकानात बसून हुंड्या लिहील. दुसऱ्या एका पालकाने विचारले, की काय येत नाही त्याचे मार्क देणारी शाळा नाशकाखेरीज आणखी कुठे आहे का. मास्तरांनी प्रत्येकाला बसवून घेतले, चहा पाजला, आणि एक छोटा उतारा वाचायला दिला. पुष्कळ पालक चहा अर्धा टाकून गेले.

उतारे ते पुस्तकांतून घेत नसत. रेल्वेच्या सूचना, औषधांच्या चिठ्ठ्या, लिलावाच्या जाहिराती, नोकरीचे हुकूम अशा, माणसाला खरोखर वाचाव्या लागणाऱ्या मजकुरातून ते तयार करीत. असल्या कागदांसाठी ते सुट्टीत देवळालीच्या लष्करी कॅम्पात हिंडत. एकदा तेथील एका फलकावरचा मजकूर उतरून घेताना पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांना हटकले आणि चौकीवर नेऊन बसवले. काय लिहीत होता, म्हणून अंमलदाराने विचारले. मास्तरांनी खरे ते सांगितले, की या फलकावरचा मजकूर माझ्या विद्यार्थ्यांना समजतो का ते पाहायचे आहे. अंमलदाराने फलक पुन्हा वाचून पाहिला आणि म्हणाला, की आमच्या शिपायांना समजतो का तेही एकदा येऊन पाहा. मास्तर ही गोष्ट हसत सांगतात. तेथून सुटल्यावर त्यांनी राहिलेल्या दोन ओळी उतरून घेतल्या, हे मात्र सांगत नाहीत. ते मला मास्तरांच्या पत्नीकडून, आमच्या काकूंकडून, कळले.

आता यंदाच्या उन्हाळ्याकडे येतो.

मास्तर साठीला येऊन शाळेतून निवृत्त होणार, म्हणून आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी समिती केली. चिंतामणराव वझे वकील तिचे चिटणीस झाले. मालेगावच्या विणकर घराण्यातले आणि आता नाशकात उर्दू शाळेत शिक्षक असलेले अब्दुल करीम मोमीन, ज्यांना आम्ही सर्व करीमभाई म्हणतो, ते, मी आणि आणखी काही मंडळी सभासद झालो. मास्तरांना काय हवे ते विचारायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. शाल, थैली, समारंभ कशालाच ते हो म्हणेनात. शेवटी म्हणाले, की शाळेचे चालक मंडळ समजुतीचा पेपर बंद करणार असे कानावर आले आहे. मॅट्रिकला तो लागत नाही आणि तपासायला फार वेळ जातो. तो चालू राहावा, एवढे तुम्ही मंडळाला सांगून पाहा. बाकी तुमच्या मनाला येईल ते करा.

आयुष्यात त्यांनी आमच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

आम्ही मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. वझे म्हणाले, मंडळाला नुसता अर्ज करून भागणार नाही, मास्तरांच्या शिकवण्याचा पुरावा पुढे ठेवला पाहिजे. पुरावा म्हणजे आम्ही. मास्तरांना द्यायचे मानपत्र उत्कृष्ट इंग्रजीत करावे, ते आधी मंडळाच्या अध्यक्षांना दाखवावे, म्हणजे खांबेट्यांचे विद्यार्थी कसे इंग्रजी जाणतात हे त्यांना दिसेल. सर्वांना ही कल्पना पसंत पडली. मराठीत लिहावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. वझ्यांच्या ओळखीचे एक निवृत्त हेडक्लार्क देवळाली कॅम्पात आहेत, साहेबलोकांच्या निरोपाची मानपत्रे लिहिण्यात त्यांचा हातखंडा आहे असे कळले. मसुदा त्यांच्याकडून आला.

वझ्यांच्या कचेरीत आम्ही तो ऐकला. वझे वाचीत होते आणि मास्तरांचेच विद्यार्थी असल्यामुळे फार सुंदर वाचीत होते. मसुद्यात एकही साधा शब्द नव्हता. समुद्राला समुद्र म्हटले नव्हते, तोफेला तोफ म्हटले नव्हते. सगळीकडे देवदेवता, लाटा, गर्जना आणि दूरचे किनारे होते. वझ्यांचे इंग्रजी कोर्टाचे, करीमभाईंचे क्रमिक पुस्तकांचे, माझे बातम्यांच्या तारांचे. आपापल्या धंद्यापुरते आम्ही सगळे पक्के होतो, आणि त्या मसुद्यात आमच्यापैकी कोणाचाच धंदा नव्हता. वझ्यांनी पान उलटताना आमच्याकडे पाहिले तेव्हा आम्ही माना हलवल्या. एकजण म्हणाला, “वा. भाषा म्हणजे भाषा आहे.” मग मसुदा माझ्याकडे आला, संपादक म्हणून. मी तो घरी नेला, प्रुफे वाचतो तसा ओळीवर पट्टी ठेवून वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, एका शब्दातील गळलेले अक्षर भरले आणि ‘ठीक’ म्हणून सही करून परत दिला. इतरांनीही सह्या केल्या. प्रत अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष निवृत्त सबजज्ज आहेत. त्यांनी ‘भाषा उत्तम’ असा शेरा मारून मंडळाच्या बैठकीला आम्हांला आणि मास्तरांना बोलावले.

बैठक दुपारी शाळेच्या ग्रंथालयात भरली. अध्यक्षांनी मानपत्र वाचायला सांगितले. वझ्यांनी उभे राहून वाचले. सभासदांपैकी एकदोघांनी टेबलावर हळूच हात आपटून दाद दिली. अध्यक्ष मास्तरांकडे वळून म्हणाले, की असे विद्यार्थी तयार करणाऱ्या पेपराविषयी मंडळाने फेरविचार करायला हरकत दिसत नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. काम झाले होते.

मास्तरांनी कागद मागून घेतला. चष्मा लावला आणि मनात वाचला. वाचायला त्यांना वेळ लागला. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवून ते मराठीत सांगू लागले. आवाज वर्गातल्यासारखाच होता, न चढलेला.

“यात असं म्हटलंय, की मी तोफखान्याला शिस्त लावली. माझ्या तोफांच्या आवाजानं शत्रू थरथर कापतो. माझ्या पत्नीनं नाताळात गोऱ्या शिपायांच्या मुलांना खेळणी वाटली, ती मुलं तिला विसरणार नाहीत. आता मी आगबोटीनं मायदेशी जातोय. समुद्र शांत राहो, आणि तिकडच्या थंड हवेत माझं यकृत सुधारो.”

कोणी हसले नाही. हेडक्लार्कांनी कोणा साहेबाला दिलेल्या जुन्या मानपत्रात फक्त नाव बदलले होते. त्यांचा दोष मी धरत नाही. साहेब असे मानपत्र मखमलीत गुंडाळून नेतात, वाचीत नाहीत, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. मास्तर वाचतात, हे आम्हांला अनुभवाने माहीत होते.

मास्तरांनी शेवटचे पान उलटले. खाली आमच्या सह्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून पाहिल्या, कागदाची घडी केली आणि अध्यक्षांपुढे ठेवली.

“अध्यक्षसाहेब, पेपर बंद करायचा ठराव आजच मांडावा. माझी हरकत नाही. ही सगळी मुलं त्या पेपरात पास झालेली आहेत.”

ही सगळी मुले, असे त्यांनी म्हटले. वझ्यांचे केस पिकले आहेत, माझा थोरला मुलगा कॉलेजात आहे. त्या वेळी मला वाटले, मास्तरांनी आम्हांला चार शब्द बोलावे, वेताची छडी काढावी, काहीही करावे. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते उठण्याच्या बेतात होते. आपल्या पंचवीस वर्षांच्या कामाचा पुरावा खोटा निघाला, असे मानून ते स्वतःच तो मागे घेत होते, आणि त्यांचा हिशेब चुकला असे म्हणायला आमच्याजवळ तोंड नव्हते.

करीमभाई उभे राहिले. ते मितभाषी आहेत. सभेत बोलताना त्यांना मी त्यापूर्वी ऐकलेले नव्हते.

“सर, तिसऱ्या ओळीपासून मला काही समजलं नाही,” ते म्हणाले. “तोफ कुठे आहे ते आत्ता तुम्ही सांगितलं तेव्हा कळलं. वकीलसाहेब मान हलवत होते, म्हणून मीपण हलवली.”

वझे बसल्या बसल्या म्हणाले, “अरे, मी पान उलटायला मान हलवत होतो.”

“ते मला काय ठाऊक?”

मग वझेही उठले. कागद पुन्हा हातात घेऊन त्यांनी दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवले आणि हे वाक्य कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे आपल्याला कळले नव्हते, असे सांगितले. माझी पाळी आली. मी म्हणालो, की न समजलेले असे मी काही दाखवू शकत नाही, कारण समजून घ्यायला म्हणून मी ते वाचलेच नव्हते. मी फक्त स्वल्पविराम पाहिले. इतरही एकेक करून उठले. कोणी नेमकी ओळ दाखवली, कोणाला तीही दाखवता येईना. मास्तर अर्धवट उठलेले होते ते पुन्हा खाली बसले आणि प्रत्येकाकडे पूर्ण लक्ष देऊन ऐकत राहिले.

शेवटी अध्यक्षांनी स्वतःचाच शेरा उलटून पाहिला. ते म्हणाले, “मी उत्तम असं लिहून बसलोय. आता हे कसं पुसायचं?” मग त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितले, आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारले, की हा पेपर वर्षभर चालू ठेवला तर तपासणार कोण? शाळेतील शिक्षकांना वेळ नाही, त्यांनी तसे लिहून दिले आहे.

वझे म्हणाले, आम्ही तपासू.

मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. “हे तपासणार?” ते म्हणाले. त्या दुपारी ते पहिल्यांदाच हसले, आणि त्या हसण्याने आम्हांला आधीच्या शांतपणापेक्षा जास्त लाजवले. तरी त्यांनी नको म्हटले नाही. एक वर्षासाठी ठराव झाला.

तेव्हापासून रविवारी दुपारी समितीची मंडळी पंचवटीत मास्तरांच्या घरी बसतात. काकू सतरंजी घालतात, मधोमध उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो. निवृत्त झालेल्या माणसाने विसावा घ्यावा, गोदेच्या घाटावर फिरायला जावे, नातवंडांना खेळवावे. आमचे मास्तर जाणत्या माणसांना मुलांची उत्तरे वाचायला शिकवतात. आम्ही तपासलेले प्रत्येक पान ते पुन्हा वाचतात. परवा एका मुलाचे पान त्यांनी माझ्यापुढे परत टाकले. उताऱ्यातील म्हातारा स्टेशनवर का थांबला ते समजले नाही, असे त्या मुलाने लिहिले होते. मी त्याला गुण दिले नव्हते. म्हातारा मुलाची वाट पाहत होता, हे उघड आहे, असे मी मास्तरांना म्हटले. ते म्हणाले, “कुठे लिहिलंय ते दाखव.” मी उतारा वरपासून खालपर्यंत पाहिला. ते कोठेही लिहिलेले नव्हते. ते मी माझ्या मनाने घातले होते. “पोरानं वाचलंय,” मास्तर म्हणाले, “तू पुढच्या वेळी वाच,” आणि पुढचे पान घेतले. करीमभाईंनी माझ्याकडे पाहून नजर खाली वळवली. त्यांच्याही पुढे परत आलेल्या पानांची चळत होती.

समारंभात मानपत्र नसेल. या ग्रंथातही ते नाही. त्यासाठी राखलेल्या पानांवर हा मजकूर आला आहे. तो मराठीत आहे, आणि छापण्यापूर्वी समितीच्या प्रत्येक सभासदाने तो वाचून, अडले तेथे मला थांबवून, मगच खाली नाव घातले आहे.

मास्तरांना दीर्घ आयुष्य लाभावे, त्यांची दृष्टी आणि त्यांचे पाय आजच्यासारखेच धडधाकट राहावेत, काकूंची सोबत त्यांना अखंड असावी, अशी आमची सर्वांची प्रार्थना आहे. या प्रार्थनेत आमचा स्वार्थ आहे हे कबूल केले पाहिजे. एका वर्षाचा ठराव संपेल तेव्हा मंडळ पुन्हा विचारील, की पेपर नीट तपासता येईल इतके कोणी शिकून तयार झाले आहे का, आणि आज त्याचे उत्तर नाही असे आहे. साठ वर्षांच्या माणसाला त्याच्या विद्यार्थ्यांनी मोकळे करायला हवे होते. आम्ही त्यांना मोकळे करू शकलो नाही, याची लाज बाळगूनच आम्ही त्यांच्यासाठी आणखी पुष्कळ वर्षे मागत आहोत.